जेनेझियो तावेरांचं नाव धुवायला जातं

रविवारचं जेवण होतं, नातेवाईक जमले होते. कोंबडी-भेंडीचा रस्सा झाला होता आणि ओदेतबाईंनी चीज आणि पेरूची वडी पुढे केली होती. अशा वेळी माणसाने गप्प बसून खावं. पण जेनेझियो तावेरा उठून उभे राहिले.

विषय धाकट्या बहिणीचा, दाल्विनाचा होता. नवऱ्याने सोडल्यापासून ती भावाच्या मागच्या खोलीत राहून नवऱ्यामुलींचे झगे शिवत असे. आता तिला चौकातला, देवळासमोरचा गाळा भाड्याने घ्यायचा होता. जागा अशी की लग्न ठरवून पाद्र्याकडून बाहेर पडणारी प्रत्येक मुलगी पायऱ्या उतरताच थेट झग्यापुढे यावी. अडचण एकच होती. गाळ्याच्या दलालाने जामीन मागितला होता.

"जामीन?" जेनेझियो म्हणाले. "मी आहे ना! या सांतो अमारो गावात तावेरा हे नाव पुरेसं आहे. कागदबिगद तर नंतर."

दाल्विना काहीतरी बोलायला गेली. पण तोपर्यंत टाळ्या पडल्या होत्या, आणि टाळ्यांनंतर जेनेझियोंना काही ऐकू येत नसे.

आता हे नाव काय होतं ते सांगायला हवं. जेनेझियो तावेरा नगरपालिकेच्या पाणीखात्यात थकबाकीचे प्रमुख होते. ज्यांनी पाणीपट्टी भरली नाही त्यांना पत्रं धाडायची, हे त्यांचं काम. त्यांच्या पत्रांना गावात एक प्रकारची प्रतिष्ठा होती. 'महोदय, आपल्या विस्मरणशक्तीबद्दल आम्हांस आदर आहे, तथापि' अशी त्यांची सुरुवात असे, आणि त्या 'तथापि'ने भल्याभल्यांचे नळ बंद केले होते. स्वतः मात्र त्यांनी आयुष्यात उधारी केली नव्हती. पलंगसुद्धा रोखीने घेतला होता, आणि तो घेईपर्यंत सहा महिने नवराबायको जमिनीवर झोपली होती. ओदेतबाई हे अजून विसरल्या नव्हत्या.

सोमवारी जेनेझियो इस्त्रीचा सदरा घालून पेरिक्लेस दलालाच्या कचेरीत गेले. पेरिक्लेस हा बारीक मिशीचा, अत्तर लावणारा गृहस्थ. कचेरीत आणखी चार माणसं बसली होती. पेरिक्लेसने संगणकात त्यांचा ओळखपत्राचा क्रमांक घातला, पडद्याकडे पाहिलं, जेनेझियोंकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं आणि पुढे वाकून कुजबुजला. त्याचं कुजबुजणं चौकातल्या कारंज्यापर्यंत जात असे.

"तावेरासाहेब, वाईट वाटून घेऊ नका. तुमचं नाव मळलंय."

"काय मळलंय?"

"नाव. तुम्ही बुडवे आहात. म्हणजे मी नाही म्हणत, यंत्र म्हणतंय."

चारही माणसांनी वर्तमानपत्रं खाली केली. त्यांतल्या दोघांना जेनेझियोंचं 'तथापि' नुकतंच पोचलेलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते पाहून कुणालाही वाटावं, की ही माणसं देवदर्शनाला आली आहेत.

"महिनाअखेरपर्यंत गाळा राखून ठेवतो," पेरिक्लेस उदारपणे म्हणाला. "तेवढ्यात नाव धुऊन आणा. पुढे एक चपलांचा दुकानदार टपून बसलाय."

नाव कशाने मळलं हे व्यापारी मंडळाच्या खिडकीवर कळत असे. जेनेझियो दुपारी, गाव जेवायला गेल्यावर, तिथे गेले. खिडकीतल्या मुलीने कागद काढला आणि मोठ्याने वाचला. "आइस्क्रीमचं यंत्र. दोन नळ्यांचं. एकीत व्हॅनिला, एकीत चॉकलेट, मधे दोन्ही मिसळून. पहिले तीन हप्ते भरलेत, पुढचे एकही नाही."

जेनेझियोंना एकदम आठवलं. चार वर्षांपूर्वीचा नाताळ. दाल्विनाचा नवरा वाल्दोमिरो त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला होता, "मेहुणे, फक्त नाव द्या. हप्ते मीच भरणार. दुकानदार म्हणतो पगारदार माणसाचं नाव हवं." समोर डुकराच्या मांडीचं ताट होतं. हाताला तेल लागलेलं. जेनेझियोंनी सही केली, कागदावर डाग पडला म्हणून माफीही मागितली, आणि विसरून गेले. वाल्दोमिरोचं आइस्क्रीमचं दुकान एक उन्हाळा चाललं. मग तो यंत्र ट्रकवर टाकून उत्तरेकडे कुठेतरी निघून गेला. बायकोला न्यायचं राहून गेलं. तगाद्याची पत्रं त्या बंद दुकानाच्या शटरखालून आत पडत राहिली आणि आतल्या उंदरांखेरीज कुणी ती वाचली नाहीत.

आता सरळ मार्ग असा होता, की घरी जाऊन सांगावं. जेनेझियो निघालेही त्याच बेताने. पण अंगणात आले तर मागच्या खोलीतून दाल्विनाचं गुणगुणणं ऐकू आलं. ती आली तेव्हा कित्येक आठवडे ताटावर रडायची. ओदेतबाई म्हणत, हिच्या भाताला मीठच घालायला नको. आता कुठे ती गुणगुणायला लागली होती, तेही बेसूर. वाल्दोमिरो हे नाव या घरात उच्चारायचं, आणि तेही 'तुझ्या नवऱ्यापायी तुझा गाळा चाललाय' अशा वाक्यात? जेनेझियोंनी टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "पेरिक्लेसच्या यंत्रात बिघाड आहे. दुरुस्त होईल."

गाव लहान असलं की बातमीला पाय लागत नाहीत, ती बसूनच पोचते. खिडकीतल्या मुलीची मावशी म्हणजे शेजारच्या दोना नाईर. मंगळवारी सकाळी त्या साखर मागायला आल्या. घरात साखर भरलेली असतानाच त्या साखर मागायला येत.

"ओदेत, तू धीर सोडू नकोस," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "माझा मेहुणाही असाच जुगारात गेला."

"कोण गेलं जुगारात?"

"मी काही बोलले नाही. पण सरळ माणसाची एवढी थकबाकी होते कशाने? एक तर पत्ते, नाहीतर बाई."

दुपारपर्यंत दोन्ही झालं होतं. पाणीखात्याच्या पाठीमागच्या गल्लीत बाई, आणि बाईच्या घरी पत्ते. रात्री ओदेतबाईंनी वरणभाताची थाळी टेबलावर अशी ठेवली, की वरणाचे शिंतोडे जेनेझियोंच्या चष्म्यावर उडाले.

"अहो, मी एकदाच विचारते. कुणी आहे का?"

"ओदेत! माझ्या वयात?"

"वयाचं विचारलं नाही मी."

जेनेझियोंनी बायकोला अंगणात नेऊन खरं काय ते सांगितलं. ओदेतबाईंनी वाल्दोमिरोबद्दल एक शब्द वापरला, जो देवळात जाणाऱ्या बाईला माहीत असायला नको. मग डोळे टिपले आणि म्हणाल्या, "नाही सांगायचं तिला. बरोबर आहे तुमचं. पण मग बाईचं काय सांगायचं लोकांना?"

"राहू दे ती बाई," जेनेझियो खिन्नपणे म्हणाले. "निदान थोडा रुबाब आहे तिच्यात."

मग सल्ले सुरू झाले. पलीकडचे ओस्कारिनो हे निवृत्त बसचालक. त्यांना सगळ्या विषयांतलं कळे, कारण चाळीस वर्षं त्यांनी प्रवाशांचं बोलणं पाठमोरं ऐकलं होतं. ते कुंपणावर कोपर टेकून म्हणाले, "तावेरासाहेब, तुमचा घोटाळा असा, की तुम्ही कधी कर्जच काढलं नाहीत. यंत्राला तुम्ही माहीतच नाही. त्याला तुमच्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक आहे, आणि ती वाईट आहे. जा, दुकानादुकानातून उधारीची कार्डं काढा. चांगल्या गोष्टी नोंदवून टाका, म्हणजे वाईट गोष्ट गर्दीत हरवते."

तर्क बिनतोड वाटला. शनिवारी जेनेझियोंनी औषधांच्या दुकानात कार्ड मागितलं. नामंजूर. चपलांच्या दुकानात मागितलं. नामंजूर. किराणाभांडारातली मुलगी तर गल्ल्यावरून ओरडली, "ए, या काकांचं पण लाल येतंय, काय करू?" रांगेतल्या बायकांनी आपापल्या पिशव्या जवळ ओढल्या. संध्याकाळी कळलं, की दर वेळी कुणी आपली चौकशी केली की यंत्राला वाटतं हा माणूस पैशासाठी वणवण फिरतोय, आणि ते प्रत्येकाला भरवशाचे जे गुण देतं, त्यांतले आपले आणखी उतरवतं. सकाळी जेनेझियो नुसते बुडवे होते. संध्याकाळपर्यंत ते घायकुतीला आलेले बुडवे झाले.

"असं होतं का?" ओस्कारिनो म्हणाले. "हे मला नव्हतं माहीत. बघा, तुमच्यामुळे कळलं."

दोना नाईरनी तातडीच्या कामांचे संत एस्पेदितो यांचं चित्र आणून दिलं आणि नवस सांगितला. काम झालं तर अशी शंभर चित्रं छापून वाटायची. जेनेझियोंनी विचारलं, छपाई उधार मिळेल का. दोना नाईर रागावून गेल्या. विनोद होता तो, पण त्या दिवसांत त्यांच्या तोंडी विनोदही अर्जासारखा वाटे.

यंत्र विकणाऱ्या दुकानाला फोन लावला, तर त्यांनी ते कर्ज वसुलीच्या एका कंपनीला विकलं होतं. कंपनीला फोन लावला, तर बराच वेळ बासरी ऐकू आली आणि मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "प्रिय जेनेझियो, आपल्या अडचणीबद्दल आम्हांला सहानुभूती आहे. तथापि."

जेनेझियोंनी रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षं त्यांनी हा शब्द लोकांना पाठवला होता. तो ऐकायला कसा लागतो हे त्यांना आज कळलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी तयार पत्रांचा गठ्ठा पुढे ओढला, थोडा वेळ पेन चघळलं आणि एका विधवेच्या पत्रात 'तथापि'च्या जागी 'जमेल तसे' घातलं. वरिष्ठांनी विचारलं, बरं नाही का.

व्याज धरून त्या यंत्राची रक्कम आता एवढी झाली होती, की तेवढ्यात आइस्क्रीम करणारी गायही मिळाली असती. पण त्याच फोनवरच्या मुलीने सांगितलं, की बेलो होरिझोन्ची शहरात पुढच्या आठवड्यात नावं धुण्याची जत्रा आहे. सगळे सावकार एका मंडपात बसतात आणि तिथल्या तिथे भरणाऱ्याला भरमसाट सूट देतात.

जेनेझियोंनी पहाटेची बस धरली. ओळख पटू नये म्हणून काळा चष्मा, सासऱ्यांची जुनी हॅट आणि त्या देशात जून म्हणजे ऐन हिवाळा, म्हणून नाकापर्यंत मफलर. बसमध्ये पुढच्या बाकावर देवळातला घंटा वाजवणारा बसला होता, त्यानेही काळा चष्मा लावला होता. मागे शाळेच्या मुख्याध्यापिका डोक्याला रुमाल बांधून खिडकीबाहेर पाहत होत्या, बाहेर अजून काही दिसत नसताना. अख्खी बस शहरापर्यंत एक शब्द न बोलता गेली. एवढी शांत बस चालकाने कधी नेली नव्हती. त्याने दोनदा मागे वळून सगळे जिवंत आहेत ना ते पाहिलं.

मंडपात फुगे होते, मक्याच्या लाह्या होत्या. कर्ज फिटलं की टेबलावरची मुलगी घंटा वाजवी आणि सगळे टाळ्या वाजवत. जेनेझियो रांगेत उभे राहिले. पुढच्या माणसाला ओळखीच्या अत्तराचा वास येत होता. त्याने मान वळवली. बारीक मिशी.

पेरिक्लेस दलाल आणि जेनेझियो तावेरा एकमेकांकडे पाहत राहिले. मग दोघांनीही मंडपाच्या छताकडे पाहिलं.

"छान कापड आहे," पेरिक्लेस म्हणाला.

"हो, जाड आहे," जेनेझियो म्हणाले.

"मोटारीचे हप्ते," पेरिक्लेस थोड्या वेळाने म्हणाला, अगदी खरंच कुजबुजत. त्याला कुजबुजता येत होतं तर!

सूट मिळून जी रक्कम उरली ती जेनेझियोंनी खिशातून मोजून दिली. नव्या चष्म्यासाठी आणि ओदेतबाईंच्या समुद्रकाठच्या सहलीसाठी साठवलेले रेआल होते ते. घंटा वाजली. त्यांच्या डोक्यावर रंगीत कागदाचे तुकडे पडले. आणि त्यांचा मफलर सुटला असतानाच समोर एक दिवा लागला, आणि दिव्यामागून एक बाई म्हणाली, "आपण थेट प्रक्षेपणात आहोत! काका, नाव धुतल्यावर कसं वाटतंय?"

"बरं," जेनेझियो म्हणाले.

"आणि कर्ज कशाचं होतं?"

इथे माणसाने काहीही सांगावं. औषध, छप्पर, मुलांची शाळा. पण जेनेझियोंना खोटं बोलायची सवय नव्हती, आणि खरं बोलायचं तर वाल्दोमिरो तोंडात येणार. ते घाबरले, आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून निम्मं खरंच बाहेर पडतं.

"आइस्क्रीमचं."

"आइस्क्रीमचं? एवढं?"

"मला," जेनेझियो मान ताठ करून म्हणाले, "फार आवडतं."

ते संध्याकाळी परत आले तोवर बातम्यांमध्ये हे तीनदा दाखवून झालं होतं. चौकात लोक उभे राहून त्यांना पाहत होते. बाई आणि पत्ते एका झटक्यात पुसले गेले होते. आइस्क्रीमपायी घर बुडवणारा माणूस गावाने पहिल्यांदाच पाहिला होता, आणि लोकांच्या नजरेत थोडी मायाही होती. दोना नाईर फाटकाशी उभ्या होत्या. "साखर कमी करा हो," त्या कळवळून म्हणाल्या. साखर मागायला आणलेली वाटी त्यांनी पाठीमागे लपवली.

स्वयंपाकघरात दाल्विना एकटी बसली होती. समोर कॉफी होती, तिच्यावर साय धरली होती.

"दादा, बस."

जेनेझियो बसले. हॅट डोक्यावरच राहिली.

"दोन नळ्यांचं होतं ना रे ते?"

"कुठलं?"

"दादा."

जेनेझियोंनी हॅट काढून मांडीवर ठेवली. तिच्यात कागदाचे रंगीत तुकडे होते. "मधून दोन्ही मिसळून यायचं," ते म्हणाले.

"मला सांगितलं होतं त्याने, रोखीने घेतलं म्हणून. मी यंत्र पुसायचे रे रोज. तुझ्या नावावरचं यंत्र, मी फडक्याने पुसायचे." ती रडायला लागली, आणि मधेच हसायला लागली. "'फार आवडतं' म्हणे! तुझे दात ठणकतात आइस्क्रीमने! तू लहानपणी माझ्या वाटीत टाकायचास तुझं!"

"तुला सांगायचं नव्हतं मला."

"माहीत आहे. गावात बाई करून घेतलीस, पण मला सांगितलं नाहीस." तिने नाक पुसलं. "आता मी एक सांगू? रागावायचं नाही."

"सांग."

"जामीन लागतच नव्हता. जामीन नसेल तर तीन महिन्यांचं भाडं आगाऊ ठेवायचं, तेही चालतं. तेवढे पैसे शिवणाचे साठलेत माझ्याकडे. मी रविवारी तेच सांगणार होते."

जेनेझियोंचा चेहरा असा झाला, की ओदेतबाई दारामागून पुढे आल्या.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू उभा राहिलास ना, दादा. सगळे टाळ्या वाजवत होते. इतका सुखी दिसत होतास. मला वाटलं, असू दे भावाचं नाव. मलाही कुणाचंतरी नाव हवंच होतं रे पाठीशी."

मग ओदेतबाईंनी कॉफी परत गरम करायला ठेवली, कारण कुणीतरी काहीतरी करणं भाग होतं.

पैसे आगाऊ भरून गाळा मिळाला. पेरिक्लेसने कागदपत्रांना आठवड्याऐवजी एक दुपार लावली आणि चपलांच्या दुकानदाराला परस्पर वाटेला लावलं. जेनेझियोंकडे तो पाहत नसे, छताकडे पाही.

नाव धुऊन निघालं खरं, पण पुन्हा उभं राहायला वेळ लागणार होता. धुतलेल्या नावावर यंत्राचा विश्वास नसतो; त्याला वागणूक पाहायची असते. दाल्विनानेच उपाय काढला. दुकानासाठी काठ शिवायचं मोठं यंत्र हवं होतं. ते दादाच्या नावावर, लहान हप्त्यांनी घ्यायचं, आणि हप्ता तिने भरायचा.

"परत यंत्र?" ओदेतबाई किंचाळल्या. "परत तुमच्या नावावर?"

जेनेझियोंनी बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. "याला नळ्या आहेत का?" त्यांनी विचारलं. नाहीत म्हटल्यावर सही केली. या वेळी हात धुऊन.

दर महिन्याला दाल्विना तारखेच्या आधीच पैसे आणून टेबलावर ठेवी, आणि जेनेझियो स्वतः भरायला जात, दुकान उघडायच्या आधी. दुकानदार म्हणाला, साहेब, तारखेला आलात तरी चालतं. जेनेझियो म्हणाले, तुम्हांला चालतं, मला नाही. रोज सकाळी ते आपले गुण पाहत आणि ओदेतबाईंना सांगत, जसं लोक पावसापाण्याचं सांगतात. आज दोनने वर. आज स्थिर. एकदा विनाकारण चारने उतरले, तेव्हा ते दिवसभर जेवले नाहीत. पण हळूहळू, कुरकुरत का होईना, नाव चढत गेलं. चौकातल्या गाळ्यात पहिला झगा काचेआड लागला. किराणाभांडारातल्या मुलीने एके दिवशी ओरडून सांगितलं, "काकांचं हिरवं आलं!" रांगेतल्या बायकांनी पिशव्या सैल केल्या.

आणि एका रविवारी दुपारी ओस्कारिनो हातात पाव घेऊन आले. घरी भाजलेले चीजचे पाव, अजून गरम. व्हरांड्यात बसले. हवेबद्दल बोलले, फुटबॉलबद्दल बोलले, दाल्विनाच्या दुकानाची स्तुती केली.

"तावेरासाहेब, ऐकलं की तुमचं नाव आता अगदी लख्ख आहे."

"आहे खरं," जेनेझियो म्हणाले.

"नाही, म्हणजे माझ्या जावयाला एक टेम्पो घ्यायचाय. हप्ते तोच भरणार. फक्त नाव हवंय. सगळ्या गावात म्हटलं, विश्वासाचं नाव एकच."

जेनेझियोंच्या छातीत काहीतरी उबदार पसरलं. किती महिन्यांनी कुणीतरी त्यांचं नाव मागत होतं! चोरावं इतकं ते पुन्हा मोलाचं झालं होतं. "काय म्हणालात? जरा मोठ्याने," ते म्हणाले, आत ओदेतबाईंना ऐकू जावं म्हणून. ओस्कारिनोंनी पुन्हा सांगितलं. जेनेझियोंनी डोळे मिटून ते सगळं एकदा मनात घोळवलं. मग डोळे उघडले.

"नाही," ते म्हणाले.

हा शब्द त्यांनी आयुष्यभर फक्त टपालाने पाठवला होता. समोर बसलेल्या माणसाला, त्याचाच पाव खाताना, तो म्हणता येतो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली.

ओस्कारिनो रागावले नाहीत. चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस, एक थांबा चुकला तर पुढचा पाहतो. त्यांनी कॉफीचा घोट घेतला, पुढे वाकले आणि खासगीत विचारलं, "बरं, मग दाल्विनाताईंचं नाव कसंय?"

जेनेझियो तावेरा उठले. पाहुण्याचा कप त्यांनी हळूच, अर्धी कॉफी असतानाच, हातातून काढून घेतला, खांद्यावर हात ठेवला आणि फाटकापर्यंत अत्यंत आदराने पोचवून आले.

पाव मात्र ठेवून घेतले.